वाड्याचा गारवा

“घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून” ही म्हण प्रत्येक मराठी कुटुंबांत केव्हां ना केव्हां उच्चारली जाते. घर बांधतांना किती पैसा आणि किती जीव खर्ची पडतो, याचा अनुभव या म्हणींत सांठविलेला आहे. परंतु बांधून झालेल्या घरांत सुखानें राहण्यास वर्षानुवर्षें काय खर्च येतो, त्याचा हिशेब तींत नाहीं. म्हण झाली त्या काळीं तो हिशेब मांडण्याचें कारणच नव्हतें. उन्हाळ्यांत गारवा आणि हिवाळ्यांत ऊब देण्याचें काम घराची भिंत, छप्पर आणि चौक हींच करीत असत, आणि त्याबद्दल तीं दरमहा पैसे मागत नसत. आज तेंच काम बऱ्याच अंशीं विजेच्या यंत्राकडे गेलें आहे. हा पालट कसा घडला, त्यांत समाजास काय मिळालें आणि काय गमवावें लागलें, हें पाहिलें म्हणजे घर सुखाचें करण्याची किल्ली कोठें आहे तेंही ध्यानांत येतें.

महाराष्ट्रांतील घराचा इतिहास बराच मागें नेतां येतो. पुणें जिल्ह्यांत शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव हें खेडें आहे. तेथें डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं १९६८ ते १९८३ या काळांत उत्खनन केलें आणि इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० ते ७०० या नऊशें वर्षांतील शेतकऱ्यांची वस्ती उजेडांत आणली. तेथील आरंभीचीं घरें ऐसपैस व चौकोनी होतीं. अखेरच्या काळांत त्यांच्या जागीं लहान वाटोळ्या झोंपड्या आल्या. आकार बदलला, परंतु माती, लाकूड आणि गवत हें सामान बदललें नाहीं. तीन हजार वर्षांपूर्वींच्या त्या शेतकऱ्यास पदार्थविज्ञान ठाऊक नव्हतें. पण तांब्याच्या तापलेल्या भांड्याचा कांठ हातांत धरवत नाहीं आणि मातीच्या भांड्याचा धरवतो, एवढें त्याच्या बायकोस खचित ठाऊक असणार. माती आणि लाकूड यांतून उष्णता मंद गतीनें जाते. गवताच्या काड्यांमध्यें तर हवा अडकून राहते, आणि अडकलेली हवा ही गोधडीप्रमाणें उष्णतेची वाट अडविते. घरास लागणारें पहिलें शास्त्र एवढेंच आहे.

हेंच शास्त्र पुढें देशावरच्या माळवदांत आणि वाड्यांत पूर्णत्वास पोंचलें. सोलापूर, मराठवाडा आणि पश्चिम विदर्भ या कमी पावसाच्या मुलुखांत घरावर उतरतें छप्पर घालण्याऐवजीं सपाट धाबें घालीत. लाकडी तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्या, आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी त्याची रचना. पुण्यासारख्या शहरांत श्रीमंत गृहस्थांनीं याच सामानाचे दुमजली-तिमजली वाडे उठविले. खालीं घडीव दगडाचें जोतें, वर दीड-दोन हात रुंदीच्या भिंती, सागवानी खांबांचा सांगाडा, मध्यें चौक, चौकाभोंवतीं ओसरी, ओसरीमागें माजघर, असा हा ठराविक नमुना होता. शनिवारवाड्याचा पाया पहिल्या बाजीरावानें १० जानेवारी १७३० रोजीं घातला आणि २२ जानेवारी १७३२ रोजीं तेथें गृहप्रवेश झाला. परंतु त्याची आणि एखाद्या साध्या भिक्षुकाच्या घराची मूळ कल्पना एकच होती. घराचें तोंड रस्त्याकडे नव्हे, तर आंतल्या चौकाकडे असावें, ही ती कल्पना होय.

जाड भिंतीचें मर्म असें, कीं ती उष्णता कायमची अडवीत नाहीं. ती तिला उशीर करावयास लावते. चैत्र-वैशाखाच्या दुपारीं बाहेरून तापलेल्या दोन हात भिंतींतून तो ताप आंतल्या बाजूस पोंचेपर्यंत रात्र बरीच उलटलेली असते. तोंवर बाहेरची हवा गार झालेली असते, आणि दारें-खिडक्या उघडल्या कीं आलेला ताप वाऱ्याबरोबर निघून जातो. पहांटे भिंत थंड होते आणि ती थंडाई दुसऱ्या दुपारपर्यंत टिकविते. हिवाळ्यांत हाच व्यवहार उलट चालतो. दिवसाचें ऊन भिंत पिऊन घेते आणि रात्रीं तें घरच्यांना परत देते. देशावर दिवस व रात्र यांच्या तपमानांत मोठें अंतर पडतें, म्हणून तेथें ही युक्ती फळास येते.

चौकाचें काम याहून निराळें. रात्रीं उघड्या आकाशाखालीं चौकाची फरशी आणि भोंवतालचीं छपरें आपली उष्णता आकाशाकडे सोडून थंड होतात. थंड हवा जड असल्यामुळें ती चौकांत उतरून भरून राहते, आणि सकाळीं बराच वेळ भोंवतालच्या ओसऱ्यांना तिचा लाभ मिळतो. ऊन चढलें कीं चौकांतील हवा तापून वर जाऊं लागते आणि तिच्या जागीं सावलींतील खोल्यांतून हवा ओढली जाते. चौकांत तुळशीवृंदावन असे, पाण्याचा हौद किंवा आड असे, संध्याकाळीं सडा पडे. ही धर्माची आणि टापटिपीची रीत होतीच. तिनें घरही गार होई.

घरांतील माणसेंही या व्यवस्थेप्रमाणें वागत. दुपारीं बाहेरचीं दारें लोटून सर्वजण माजघराच्या अंधारांत विसावत. तिन्हीसांजेस ओसरीवर आणि चौकांत बैठक पडे. उन्हाळ्याच्या रात्रीं अंथरुणें माळवदावर जात, आणि हिवाळ्यांत तींच माजघरांत चुलीच्या उबेजवळ येत. घर एकच, परंतु ऋतूप्रमाणें आणि प्रहराप्रमाणें त्यांतील राहण्याची जागा बदलत असे. हल्लींच्या घरांत बिछाना वर्षभर एकाच खोलींत असतो आणि हवेनें आपल्याजवळ यावें अशी अपेक्षा असते. या दोन रीतींतील अंतर लहान नाहीं.

घांटाखालीं उतरलें कीं सारें गणित पालटतें. कोंकणांत हवा दमट असते आणि रात्रीही ती फारशी थंड होत नाहीं. भिंतीनें राखून ठेवलेली उष्णता बाहेर टाकावी कोठें, हाच तेथें प्रश्न. म्हणून कोंकणी घरानें जाडीपेक्षां सावली आणि वारा यांवर भिस्त ठेवली. जांभ्या दगडाच्या भिंती, उंच जोतें, चोहोंकडे पडवी आणि भिंतींच्या पुष्कळ पुढें आलेलें उतरतें छप्पर. त्यामुळें मुसळधार पाऊस आणि ऊन या दोहोंपासून भिंत सुरक्षित राहते. कौलांच्या फटींतून वर गोळा झालेली गरम हवा निसटून जाते. पूर्वीं हीं कौलें कुंभाराच्या चाकावरचीं, नळीचीं असत. १८६५ सालीं बासेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट यांनीं मंगळुरास कौलांचा कारखाना काढला, आणि एकमेकांत अडकणारें तें तांबडें चपटें कौल पश्चिम किनाऱ्यावर व पुढें घांटावरही पसरलें. नळीचीं कौलें दरवर्षीं शाकारावीं लागत; मंगळुरी कौलानें तो त्रास पुष्कळ कमी केला.

विदर्भाचा उन्हाळा तर केवळ सावलीनें हटण्यासारखा नाहीं. तेथें पाण्याची मदत घ्यावी लागली. वाळ्याच्या मुळ्या बांबूच्या चौकटींत भरून त्यांवर पाणी शिंपडण्याची रीत अकबराच्या दरबारीं प्रचारांत असल्याचें अबुल फज़ल यानें ‘आईन-इ-अकबरी’ या ग्रंथांत नमूद केलें आहे. हीच वाळ्याची ताटी पुढें नागपूर-अमरावतीकडील घरांच्या दारांत आली. तिचें तत्त्व पाण्याच्या माठाचेंच आहे. पाण्याची वाफ होतांना तें भोंवतालची उष्णता शोषून घेतें. एक लिटर पाणी वाळून जातांना सुमारें २४०० किलोजूल, म्हणजे विजेच्या एका युनिटाच्या दोन-तृतीयांश इतकी उष्णता नाहींशी करतें. मात्र त्यास हवा कोरडी लागते. नागपुरास जी ताटी लू थोपविते, ती मुंबईस नुसती खोली ओली करते. हल्लींचा कूलर म्हणजे याच ताटीस पंखा आणि पंप जोडून केलेलें यंत्र होय.

येथें एका दुःखद गोष्टीचाही उल्लेख केला पाहिजे. इंग्रज अधिकाऱ्यांच्या बंगल्यांत आणि कचेऱ्यांत छताला टांगलेला मोठा पंखा असे, आणि त्याची दोरी बाहेर व्हरांड्यांत बसलेला एक गरीब मनुष्य दिवसभर व रात्रभर ओढीत असे. आंतल्या साहेबास वारा मिळे; ओढणाऱ्यास उकाडाच मिळे. एकाचा गारवा दुसऱ्याच्या घामांतून निघावा, हा प्रकार विजेचा पंखा येतांच संपला. यंत्राचें हें ऋण विसरून चालणार नाहीं.

वाड्याचे दोषही झांकून ठेवूं नयेत. माळवदाला पावसाळ्यापूर्वीं नवी माती घालून ती चोपावी लागे. तरीही तें गळे. लाकडास वाळवी लागे आणि आगीचें भय तर कायमचेंच. १८२८ सालच्या आगींत शनिवारवाड्याचे सारे लाकडी मजले जळाले. दगडी जोतीं व तट तेवढे उरले. याहून मोठा दोष अंधाराचा होता. माजघरें आणि बाळंतिणीच्या खोल्या यांत ना ऊन जाई, ना वारा. शहरांत एकेका वाड्यांत अनेक बिऱ्हाडें भरलीं, आणि मुंबईच्या चाळींत याहूनही दाटी झाली, तेव्हां हा दोष प्राणघातक ठरला. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईस मांडवी भागांत प्लेग उद्भवला व पुढच्या वर्षाच्या आरंभीं तो पुण्यास पोंचला. अधिकाऱ्यांनीं घरांत ऊन शिरावें म्हणून कित्येक घरांचीं कौलें काढलीं आणि कित्येक घरांवर तीं मनुष्यवस्तीस अयोग्य असल्याच्या खुणा केल्या. ज्यांच्या डोक्यावरचें छप्पर असें गेलें, त्यांच्या मनांत त्या वेळीं काय आलें असेल, याची कल्पनाच करावी.

१८९८ सालीं मुंबईंत इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. या संस्थेनें घराच्या बाहेर मोकळी जागा किती असावी, याचा एक नियम बसविला. खोलीच्या तळाशीं क्षितिजापासून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनांतून आकाशाचा प्रकाश आला पाहिजे, असा तो नियम होता. याचा व्यवहारांतला अर्थ असा, कीं समोरच्या इमारतीची जेवढी उंची, तिच्या निम्म्याइतकें तरी अंतर मध्यें मोकळें राहावें. दादर, माटुंगा या वसाहती याच विचारांतून उभ्या राहिल्या. घर रस्त्याकडे तोंड करून उभें राहिलें आणि खिडक्या मोठ्या झाल्या. उजेड आला, वारा आला, रोगराई हटली. पण खिडकीबरोबर ऊनही घरांत आलें.

त्याच सुमारास सिमेंटचा उदय झाला. १९३० नंतरच्या दशकांत मुंबईस मरीन ड्राइव्ह व ओव्हलच्या कांठीं काँक्रीटच्या इमारतींच्या रांगा उठल्या. त्या बांधणाऱ्यांनीं एक शहाणपण राखलें. प्रत्येक मजल्यावर खिडक्यांवरून पुढें आलेला लांब छज्जा त्यांनीं ठेवला. कोंकणी पडवीचेंच तें नवें रूप म्हणावें. पुढें मात्र हें शहाणपण मागें पडलें. पुण्यांत १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून नदीकांठच्या पेठांतील शेंकडों वाडे कोसळले. जे उरले, त्यांचें भाडें गोठलेलें असल्यामुळें मालकांस दुरुस्ती परवडेना. एकामागून एक वाडे पाडले गेले आणि त्यांच्या जागीं सदनिकांच्या इमारती आल्या. जागा वांचावी म्हणून भिंत अरुंद झाली, पैसा वांचावा म्हणून छज्जा आंखूड झाला, आणि डोक्यावर चार-सहा इंच जाडीचा उघडा स्लॅब आला.

हा स्लॅब म्हणजे उन्हाळ्यांत मोठा तवाच होय. मे महिन्याच्या मध्यास पुण्यावर सूर्य दुपारीं बरोबर माथ्यावर येतो. तेव्हां कोणत्याही भिंतीपेक्षां गच्चीवर अधिक ऊन पडतें. काँक्रीट मातीपेक्षां उष्णता लवकर आंत सोडतें. त्यामुळें दुपारचा ताप मध्यरात्रीनंतर न पोंचतां तिन्हीसांजेलाच, माणसें घरीं परततात त्याच वेळीं, खालच्या खोलींत उतरूं लागतो. वरच्या मजल्यावरील कुटुंबांस रात्रीं भिंतींचा आणि छताचा झळकारा लागतो तो याचमुळें. पन्हळी पत्र्याच्या घरांची स्थिति याहूनही वाईट. पन्हळी पत्र्याचें पेटंट १८२९ सालीं लंडनमध्यें निघालें. हलका, स्वस्त आणि पाऊस अडविणारा म्हणून गरिबानें तो पत्करला. परंतु ऊन अडविण्याचें बळ त्याच्यांत जवळ जवळ नाहींच. ऊन पडतांच ताप आंत.

अशा घरांस यंत्राचा आधार लागला, यांत नवल नाहीं. हवेंतील उष्णता व ओलावा काढणारें आधुनिक यंत्र १९०२ सालीं अमेरिकेंत विलिस कॅरिअर यांनीं योजलें. त्याचा पहिला उपयोग माणसांसाठीं झालाच नाहीं. ब्रुकलीन येथील एका छापखान्यांत ओलसर हवेनें कागद फुगूं नये म्हणून तें बसविलें गेलें. दमट हवेंत, आजारी माणसाच्या खोलींत, रुग्णालयांत या यंत्राचा उपयोग निर्विवाद आहे. परंतु तें उष्णता नाहींशी करीत नाहीं. आंतली उष्णता उचलून बाहेर टाकतें, आणि स्वतः खाल्लेल्या विजेची उष्णता तींत मिळवितें. ज्या गल्लींत शंभर खिडक्यांतून अशीं यंत्रें चालतात, ती गल्ली तितकी अधिक तापते. ज्याच्या घरीं यंत्र नाहीं, त्याला शेजाऱ्याचा ताप सोसावा लागतो. पंखा ओढणाऱ्याची जुनी गोष्ट अशी नव्या रूपानें परत येते.

याचें गांभीर्य २०१० सालीं दिसून आलें. त्या वर्षींच्या मे महिन्यांत अहमदाबादेस उष्णतेची भयंकर लाट आली, पारा ४६.८ अंशांवर गेला आणि इतर वर्षांच्या त्याच महिन्याच्या मानानें १३४४ माणसें अधिक दगावलीं. त्यानंतर २०१३ सालीं तेथील नगरपालिकेनें उष्णतेच्या लाटेस तोंड देण्याची योजना आंखली, आणि पुढें गरिबांच्या घरांचीं छपरें पांढऱ्या रंगानें रंगविण्याचें कामही हातीं घेतलें. पांढरा रंग उन्हाचा बराच भाग परत फेंकतो. तेवढ्यानेंही आंतल्या खोलींतील ताप उतरतो.

घरबांधणीच्या नियमांतही हा विचार आतां शिरला आहे. २००१ च्या ऊर्जा संरक्षण कायद्यान्वयें केंद्र सरकारनें ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापिला, आणि २०१८ च्या डिसेंबरांत निवासी इमारतींसाठीं ‘इको-निवास संहिता’ जाहीर झाली. आंत-बाहेर एका अंशाचा फरक असतां छपराच्या दर चौरस मीटरांतून १.२ वॅटपेक्षां अधिक उष्णता आंत येऊं नये, असें तींत म्हटलें आहे. उघड्या स्लॅबांतून याच्या दुपटीहून अधिक उष्णता येते. पांढऱ्या मातीचें माळवद घालणाऱ्या गवंड्यानें हा आंकडा कधीं ऐकला नव्हता. पण तो ज्या वाटेनें जात होता, तिकडेच हा आंकडा बोट दाखवितो.

जुन्याचा नव्यास उपयोग कसा करावा, याचीं उदाहरणेंही जवळचींच आहेत. वर्ध्याजवळ शेगांवास, म्हणजे पुढच्या सेवाग्रामास, महात्मा गांधी १९३६ सालीं राहावयास गेले. तेथील बापू-कुटी माती, बांबू आणि कौलें या आसपासच्या सामानाची आहे, आणि वर्ध्याच्या उन्हाळ्यांतही ती राहण्याजोगी आहे. लॉरी बेकर या इंग्रज वास्तुशिल्पज्ञानें मुंबईस गांधीजींची भेट घेतली होती. पुढें केरळांत त्यांनीं विटांच्या भिंतींत पोकळी ठेवून आणि स्लॅबांत जुनीं कौलें घालून कमी खर्चाचीं, सुखकर घरें बांधलीं. पोकळ भिंतींत अडकलेली हवा इनामगांवच्या गवती छपराचेंच काम करते.

यावरून गृहस्थानें घर सुखकर करण्याचा क्रम कोणता ठेवावा, हें सहज निघतें. पहिलें लक्ष छपराकडे द्यावें. गच्चीस पांढरा रंग किंवा पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा थर द्यावा. शक्य तर खालीं उष्णतारोधक थरही घालावा, म्हणजे उन्हाळ्यांतला ताप आणि हिवाळ्यांतली थंडी दोन्हीं अडतील. दुसरें लक्ष खिडकीकडे. ऊन कांचेच्या आंत आल्यावर पडद्यानें त्याचें फारसें कांहीं बिघडत नाहीं. तें बाहेरच छज्जा, चिकाची झडप किंवा वेल यांनीं अडवावें. दक्षिणेच्या खिडकीचा छज्जा उन्हाळ्यांतील माथ्यावरचें ऊन अडवितो, आणि पौष महिन्यांत सूर्य दुपारींही कलता असतो म्हणून तेंच ऊन खोलींत येऊं देतो. पश्चिमेस मात्र झाडाची किंवा झडपेची आडच हवी. तिसरी गोष्ट वेळेची. दुपारीं घर मिटावें, रात्रीं उघडावें. कोंकणांत मात्र वारा सतत खेळता ठेवावा. मग पंखा, जुना सुमारें ७५ वॅट वीज खातो, तर नवा काटकसरी पंखा ३० वॅटच्या आसपास. हें सर्व करून उरेल तेवढेंच काम वातानुकूल यंत्रास सांगावें, आणि तें २४ अंशांखालीं उतरवूं नये. १ जानेवारी २०२० पासून नवीं यंत्रें मूळचीं याच अंशावर लावून विकण्याचा नियमही झाला आहे.

वाडे परत येणार नाहींत, आणि माजघराचा अंधार परत यावा अशी कोणाची इच्छाही नसेल. प्लेगानें शिकविलेला उजेड राखून वाड्यानें शिकविलेली सावली परत आणणें, एवढेंच आतां करावयाचें उरलें आहे. घर बांधून पाहिलेल्या माणसानें तें वैशाखाच्या दुपारीं यंत्र बंद करून एकदां राहूनही पाहावें. म्हणजे बांधतांना काय राहून गेलें, तें त्यास दुसऱ्या कोणीं सांगावें लागणार नाहीं.